हेरंब दिघ्यांचं पिढीजात टक्कल

हेरंब दिघे एका जागी निवांत बसला आहे, असं दृश्य बडोद्याच्या रावपुऱ्यात कोणी पाहिलेलं नाही. चहा तो उभ्याने पितो, वर्तमानपत्र फेऱ्या मारत वाचतो आणि फोनवर बोलताना गॅलरीपासून स्वयंपाकघरापर्यंत इतक्या येरझाऱ्या घालतो की त्याची आई विमलाबाई म्हणतात, "बोलणं संपेपर्यंत हा चालत डभोईला पोचायचा." पोटापाण्याचा धंदाही त्याने स्वभावाला साजेसाच निवडला. विमा कंपन्यांसाठी तो अपघातातल्या गाड्यांची पाहणी करतो. कुठे ठोकलेली मोटार, कुठे उलटलेला टेम्पो. फोन आला की स्कूटर काढून हेरंब पसार. लोक म्हणतात, पायाला भिंगरी आहे. भिंगरी होती ती हाताला. पण ते कोणाला ठाऊक नव्हतं, आणि चाळिशी उलटली तरी हेरंबने ते कोणाला ठाऊक होऊ दिलं नव्हतं.

त्याचं डोकं तुळतुळीत. रोज सकाळी बाथरूमचं दार लावून तो स्वतःच त्यावरून रेझर फिरवतो. याचं घरात कोणाला नवल नाही, कारण दिघ्यांकडे टक्कल पिढीजात आहे. पणजोबा संस्थानात नायबसुभे होते. त्यांचा पगडीतला फोटो अजून बैठकीच्या खोलीत लटकतो. घरातली समजूत अशी, की पिढ्यानपिढ्या दरबारी पगडी दाबून बसवल्याने दिघ्यांच्या पुरुषांचे केस जातात. आजोबांचे गेले, वडिलांचे गेले, थोरला भाऊ श्रीकृष्ण याचे तर पंचविशीतच गेले. म्हणून कॉलेजात असताना हेरंब एक दिवस गोटा करून घरी आला, तेव्हा विमलाबाई एवढंच म्हणाल्या, "लवकर गेले रे तुझे." ज्याने जन्मात पगडी घातली नाही त्याचे केस पगडीने गेले, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. घराण्याचा अभिमान एकदा अंगात भिनला की माणसं टकलाचंही कौतुक करतात.

हेरंबचे केस कधी गेलेच नव्हते. तो ते उपटत होता.

सात वर्षांचा असल्यापासून. आधी बोटं नुसती डोक्यावरून फिरत. मग एखादा केस बोटाला वेगळा लागे, जाड, खरखरीत, थोडा वळणाचा. तो सापडला की दुसरं काही सुचत नसे. शाळेत बाई काय शिकवतात, घरात कोण काय बोलतं, सगळं लांब जाई. उरे तो एक केस. तो उपटला की क्षणभर डोक्यातली सगळी गडबड थांबे. मग मुळाशी चिकटलेला पांढरा ओला ठिपका ओठावरून फिरवायचा. एवढ्यात तो क्षण संपे, लाज येई, आणि लाजेमागोमाग पुढचा केस.

टाळूवर घागर ठेवावी एवढा गोल पडला तेव्हा विमलाबाईंनी निदान केलं: चाई. गुंजेचा लेप झाला, लसूण चोळून झाली. मग आठव्या वर्षी हेरंबची मुंज लागली आणि रीतीप्रमाणे डोकं चकोट झालं. त्या उन्हाळ्यासारखं सुख हेरंबला पुन्हा मिळालं नाही. उपटायला काही नव्हतंच. हात आपले डोक्यावर जात आणि रिकामे परत येत. केस आले ते चांगले दाट आले. विमलाबाईंनी हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितलं, "आमच्या हेरंबची चाई मुंजीत गेली." पुढे दोनेक वर्षांनी हात पुन्हा वर गेला, तेव्हा हेरंबने शहाणपणाने कानामागची जागा निवडली. आईचा गाजलेला विजय मोडायची त्याची छाती झाली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

या मुठीपायी त्याने लग्नही केलं नाही. स्थळं आली, चांगली आली. पण कोणी मुलगी रोज उशाशी असणार, आंघोळीहून आलं की पाहणार, आणि एक दिवस हातातला तो केस पाहणार, या विचारानेच त्याला धडकी भरे. डोकं भादरून हात काही गप्प बसला नव्हता. तो पोटऱ्यांवर उतरला होता. बडोद्याच्या मे महिन्यातही हेरंब घरात पायघोळ लेंगा घालून वावरतो तो त्यासाठी. आपण एकटेच असे, जगात दुसरं कोणी इतकं विचित्र नसेल, अशी त्याची खात्री होती. आणि या खात्रीने माणूस किती एकाकी होतो ते त्याचं त्यालाच माहीत.

नवरात्रात गोष्ट उघड्यावर आली, पण त्याची नव्हे. श्रीकृष्णाची मुलगी मोहना सातवीत आहे. उशिरा झालेली, एकुलती एक. गरब्याला जायचं म्हणून तिची आई अहल्या तिचे केस विंचरत होती. डाव्या कानावरचे केस उचलले आणि तिच्या हातून फणी पडली. खाली पुरीएवढी जागा मोकळी होती.

गरबा राहिला बाजूला. दुसऱ्या दिवसापासून कांद्याचा रस सुरू झाला. मुलगी शाळेत जाईना. मैत्रिणी नाक दाबतात म्हणाली. मग चामडीचे डॉक्टर झाले. त्यांनी भिंगातून पाहिलं, मोहनाला हळूच विचारलं, "बेटा, तूं खेंचे छे?" मोहनाने मान हलवली, नाही. आणि अहल्या तिथेच भडकली. "आमची मुलगी वेडी आहे का स्वतःचे केस ओढायला?" डॉक्टरांनी मानसोपचारवाल्यांचं नाव चिठ्ठीवर लिहायच्या आत ती मुलीला घेऊन रिक्षात बसलीसुद्धा.

रात्रीच्या जेवणाला विमलाबाईंनी निकाल दिला. "कशाला डॉक्टरांच्या नादी लागता? गोटा करायचा. दिवाळी होऊन जाऊ दे, सणावारी नको. लाभपाचमेला रमणभाई न्हाव्याला घरी बोलवू. शाळा उघडेपर्यंत थोडे केस येतीलही. हेरंबचं नाही का झालं? विचारा त्याला. काय रे, मुंजीत गेली की नाही तुझी चाई?"

हेरंब नेहमीप्रमाणे ताट हातात घेऊन खिडकीशी उभा होता. मोहनाने त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. काकाने काहीतरी बोलावं अशी आशा त्या डोळ्यांत होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"हं," हेरंब म्हणाला, आणि आमटीचा भुरका मारला.

सवयीचा हुंकार. तीस-पस्तीस वर्षं हा प्रश्न आला की तो हेच उत्तर देत आला होता. मोहना ताटावरून उठून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवायला घरी आला. घरात सामसूम होती, विमलाबाई आडव्या झालेल्या. मोहना खिडकीपाशी पुस्तक उघडून बसली होती, त्याच्याकडे पाठ करून. तिचा डावा हात डोक्यात होता. बोटं हळूहळू, चाचपत फिरत होती. थांबली, एक केस चिमटीत धरला, सोडला, दुसरा धरला. हेरंब दारातच खिळला. मग हात झटकन खाली आला, आणि मोहनाने तो केस उजेडात धरून पाहिला आणि त्याचं मूळ ओठावरून फिरवलं.

ओठावरून! हे हेरंबने कोणाला कधी सांगितलं नव्हतं. कोणाकडून शिकण्यासारखं नव्हतंच ते. म्हणजे आपण एकटे नव्हतो. पहिला क्षण, खरं सांगायचं तर, आनंदाचा होता. दुसऱ्याच क्षणी कालचं ते "हं" आठवलं, आणि त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. केसाने गळा कापणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

तो तसाच मागे सरकला, जिन्यावर दोन पायऱ्या उतरला आणि किल्ल्या खुळखुळवत, खोकत पुन्हा वर आला. पोरीला सावरायला वेळ मिळावा, पकडली गेल्याची लाज वाटू नये म्हणून. जेवला नाही. "काम आहे" म्हणत निघाला आणि कारेलीबागेपासून मांजलपूरपर्यंत कामाशिवाय स्कूटर फिरवत राहिला.

सयाजीगंजात, विद्यापीठाच्या बाजूच्या एका इमारतीत, अवंती सबनीस नावाच्या मानसोपचार करणाऱ्या बाई बसतात. हेरंब तिथे गेला तो पुतणीचं निमित्त घेऊन.

"बसा ना," बाई म्हणाल्या.

"मी उभाच बरा."

त्याने मोहनाची हकीकत सांगितली. बाई ऐकत होत्या, पण त्यांची नजर त्याच्या उजव्या हातावर होती. तो हात टकलावरून सारखा फिरत होता. बोटाचं टोक पुढे जाई, मागे येई, न उगवलेल्या केसाचा खुंट शोधी.

"पुतणीचं कळलं," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमचं कधीपासून आहे?"

हेरंब खाली बसला. त्याच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच कोणीतरी त्याला एका वाक्यात बसवलं होतं.

त्या दिवशी त्याला कळलं की या प्रकाराला नाव आहे, ट्रायकोटिलोमेनिया. जीभ अडखळते पण नाव आहे. वेड नव्हे, व्रात्यपणा नव्हे, आईबापांच्या वळणाचा दोष नव्हे. पुष्कळांना असतो. बहुतेकदा शाळेच्या वयात सुरू होतो आणि कधीकधी एका घरात दोघातिघांना निघतो. काळजीने हात वर जातो, तसा नुसत्या कंटाळ्यानेही जातो. अभ्यास करताना, टीव्ही पाहताना, मन दुसरीकडे असताना.

"मग गोटा केला तर?" हेरंबने विचारलं. "उपटायला काही राहणारच नाही."

"तुमचं राहिलं?"

हेरंबने नकळत लेंग्याने पोटरी झाकून घ्यावी तसा पाय मागे घेतला. आज पँट होती, तरीही.

"हात दुसरी जागा शोधतो," बाई म्हणाल्या. "भुवया, पापण्या. आणि बारा वर्षांच्या मुलीचं डोकं भादरून तुम्ही तिला काय सांगता? तू गुन्हा केलास, ही घे शिक्षा. रागावून, हातावर मारून, शपथा घालून हे जात नाही. उलट लपून होतं. आधी हात कधी, कुठे वर जातो ते तिचं तिला कळायला हवं. मग हाताला दुसरं काम. ओढ आली की मूठ घट्ट वळायची आणि धरून ठेवायची. ओढ चढते तशी उतरतेही. उतरेपर्यंत तग धरायचा. बोटांना चिकटपट्टी, घरात टोपी, म्हणजे हात पोचला तरी अडखळतो. वेळ लागतो. पुन्हा पुन्हा घसरायला होतं, तेही धरून चाला. आणि घरात कोणीतरी एक हवं, ज्याच्यापाशी लपवावं लागत नाही."

शेवटचं वाक्य हेरंबला झोंबलं. घरात ते एक माणूस होतं. ते आमटी भुरकत होतं.

सांगायचं असं ठरवून तो दिवसचे दिवस घरात घिरट्या घालत राहिला. एकदा अहल्या पोळ्या लाटत होती तेव्हा "वहिनी, एक बोलायचं होतं" इथपर्यंत आला, आणि फोन न वाजताही फोन कानाला लावून बाहेर पडला. एकदा श्रीकृष्णाला घेऊन मुद्दाम सेवउसळ खायला गेला, दादा म्हणाला, "बोल," आणि हा म्हणाला, "तिखट आहे, नाही?" धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. इकडे विमलाबाईंनी रमणभाईला निरोपही धाडला होता. मोहना कोणाशी बोलत नव्हती. काकाशी तर नव्हतीच.

तोंडाने सांगता येत नाही म्हटल्यावर हेरंबने एक केलं. रेझर फेकून दिला.

केस आले. घरात एकच हलकल्लोळ. दिघ्यांच्या पुरुषाला या वयात केस! कपाळापासून कानापर्यंत काळेभोर, दाट. श्रीकृष्ण स्वतःच्या टकलावरून हात फिरवत त्याच्याकडे हेव्याने पाही. "कुठलं तेल लावतोस रे? सांग ने आम्हालाही." विमलाबाई म्हणाल्या, "पगडी सुटली त्याला इतकी वर्षं झाली, आता येणारच." वरच्या भागावर मात्र हेरंब घरातही सुती टोपी घालून असे, आणि अंगठ्याला, तर्जनीला चिकटपट्ट्या. कोणी विचारलं तर म्हणे, रेडिएटरला भाजलं.

त्याचे ते दिवस कसे गेले ते विचारू नये. इतक्या वर्षांनी डोक्यावर केस, चिमटीत सापडण्याइतके! हात नुसते शिवशिवत. सिग्नलला स्कूटर थांबली की हात हेल्मेटकडे जाई. तो मूठ वळे, सोडे, पुन्हा वळे. बऱ्याचदा जमलं. पुष्कळदा नाही जमलं. टाळूवरची काही मुळं कॉलेजच्या दिवसांतच मेली होती, आणि त्यांच्या भोवतीचं हाताने पुन्हा साफ केलं. जुनं घर सापडायला त्याला मुळीच वेळ लागला नाही.

नरकचतुर्दशीची पहाट झाली. पाट मांडले, भोवती रांगोळी, पणत्या. विमलाबाई स्टुलावर बसून एकेकाच्या डोक्याला कोमट तेल लावत होत्या, हे काम त्या कोणाला देत नाहीत. श्रीकृष्ण न्हाऊन गेला. मोहनाची पाळी आली, तशी तिने आतल्या खोलीत जाऊन कडी लावली.

"मला नाही लावायचं तेल! सगळे बघतात."

अहल्या दार ठोठावत होती. "सणाच्या दिवशी तमाशा नको, मोहना. उघड."

"आधी माझं होऊ दे," म्हणत हेरंब पाटावर येऊन बसला.

विमलाबाईंनी वाटी खाली ठेवली. कॉलेजच्या दिवसांपासून हा पाटावर बसला नव्हता. टकलाला कसलं तेल म्हणायचा. "आज सूर्य कुठे उगवला?" त्या म्हणाल्या. "टोपी काढ."

त्याने टोपी काढली. विमलाबाईंचा तेलाचा हात टाळूवर पडला आणि थांबला. त्यांची बोटं हळूच कडेकडेने फिरली. भोवती दाट केस, मधे गुळगुळीत खड्डा, आणि काठावर तुटके खुंट.

"अरे देवा. पुन्हा चाई?"

"चाई नाही, आई," हेरंब म्हणाला. "मी उपटतो."

आतल्या दारावरची अहल्याची थाप थांबली.

"काय करतोस?"

"केस उपटतो. लहानपणापासून. चाई नव्हतीच कधी. मुंजीत गोटा झाला म्हणून हाताला काही सापडेना, एवढंच. नंतर पुन्हा सुरू झालं. टक्कल नाही मला, आई. मी रोज भादरतो, उपटता येऊ नये म्हणून."

"आणि मी सगळ्यांना सांगत सुटले..."

"मी तुला सांगू दिलं."

पंचाहत्तरीला आलेल्या, कशालाही न डगमगणाऱ्या विमलाबाईंनी तेलाची बोटं पदराला पुसली. मग एकदम म्हणाल्या, "गाढवा, दुखत नाही का रे?"

"नाही," हेरंब म्हणाला. "तीच तर पंचाईत आहे."

आतून, दाराच्या अगदी जवळून, आवाज आला. "मलाही नाही दुखत."

हेरंब दाराकडे न पाहताच बोलला. "माहीत आहे. एक जाड केस असतो ना?"

"खरखरीत," आतून मोहना म्हणाली. "वळणाचा."

"तोच. तो मिळाला की बरं वाटतं, आणि मग फार वाईट वाटतं."

कडी निघाली. मोहना बाहेर आली ती सरळ शेजारच्या पाटावर येऊन बसली, डोकं खाली घालून. अहल्या मात्र हेरंबसमोर उभी राहिली. तिचे डोळे पेटले होते.

"भावजी, तुम्हाला हे ठाऊक होतं. आणि त्या दिवशी जेवताना तुम्ही 'हं' म्हणालात?"

हेरंबने फक्त अवंतीबाईंचं नाव आणि पत्ता सांगितला. अहल्याने तो ऐकून घेतला आणि तोंड फिरवलं. ती आठवडाभर त्याच्याशी नीट बोलली नाही, आणि बरोबरच होतं तिचं. विमलाबाईंनी पुन्हा वाटी उचलली. मोहनाच्या कानावरच्या त्या मोकळ्या जागेवरून त्यांनी इतक्या हलक्या हाताने तेल फिरवलं की पोरीला गुदगुल्या झाल्या. अवंतीबाईंची वेळ मिळाली ती सुट्टीनंतरची. तोवर ओढ उतरेपर्यंत मूठ वळून धरायची युक्ती हेरंबने मोहनाला दाखवून ठेवली.

या सगळ्या धांदलीत रमणभाईला नको म्हणून कळवायचं राहून गेलं. लाभपाचमेच्या सकाळी दार वाजलं. हेरंबने उघडलं. रमणभाई पेटी घेऊन उभा.

"साल मुबारक, हेरंबभाई! बोलो, कोनुं करवानुं छे?"

हेरंबच्या पाठीमागे मोहना येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

आता हेरंबची खरी परीक्षा होती, आणि ती पोरीच्या डोक्याची नव्हती. तिचं काही कोणी करणार नव्हतं. त्याच्या स्वतःच्या डोक्यात सकाळपासून आग पेटली होती. प्रत्येक केस वेगळा जाणवत होता. रमणभाईच्या पेटीत वस्तरा होता. "आलाच आहात तर माझं करून टाका," एवढं एक वाक्य, की संध्याकाळपर्यंत सगळं गप्प, सगळं तुळतुळीत, आणि तो पुन्हा दिघ्यांच्या पिढीजात टकलाचा धनी. वाक्य जिभेवर आलंसुद्धा. मोहना त्याच्याकडे पाहत होती. ताटावरून पाहिलं होतं, तशीच.

"कोनुंय नथी, रमणभाई," हेरंब म्हणाला. "या, बसा. फराळ घ्या. आज या घरात कोणाचं डोकं करायचं नाही."

हे बोलताना त्याचा उजवा हात खिशात होता. खिशाला मुठीएवढा फुगा आला होता. मोहनाने आधी त्या खिशाकडे पाहिलं, मग काकाच्या तोंडाकडे. मग तिने कानाकडे निघालेला आपला हात खाली घेतला, बोटं आत दुमडली, आणि काकाची ओढ उतरेपर्यंत ती तशीच त्याच्या शेजारी उभी राहिली.